घसरत्या चाकांचे गणित : मोटारींच्या ‘ड्रिफ्टिंग’चे तंत्र आणि त्यातील धोके

मोटारीचे नाक एकीकडे आणि ती सरकते आहे भलतीकडेच. मागच्या चाकांतून पांढरा धूर, टायरचा कर्कश आवाज आणि वळणाच्या उलट दिशेला स्टिअरिंग धरून बसलेला चालक. मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात संपणारे हे दृश्य आता शहरी तरुणांच्या चांगल्याच ओळखीचे झाले आहे. यालाच ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. मोटारीची मागची चाके मुद्दाम घसरवायची, ती घसरत असतानाही गाडीवरचा ताबा सोडायचा नाही आणि त्याच अवस्थेत संपूर्ण वळण पार करायचे, असा हा प्रकार आहे. पाहणाऱ्याला ते चालकाचे धाडस वाटते. प्रत्यक्षात धाडसापेक्षा त्यात घर्षणाचे गणित अधिक आहे. हे गणित बंदिस्त धावपट्टीवर जुळते आणि सार्वजनिक रस्त्यावर का चुकते, हे समजून घेण्यासाठी सुरुवात टायरपासून करावी लागते.

तळहाताएवढी पकड

टनभर वजनाची मोटार रस्त्याला चिकटून असते ती केवळ चार ठिकाणी, आणि त्यातील प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे ही तिन्ही कामे याच चार तळहातांवर होतात. टायरची एकूण पकड ठरलेली असते. ती पगारासारखी आहे. महिन्याचा पगार घरभाड्यात अधिक गेला की किराण्याला कमी उरतो, तसेच वळणावर असताना जोरात ब्रेक लावला की वळण्यासाठी पकड कमी उरते. दोन्ही खर्च मिळून पगारापेक्षा जास्त झाले, की टायर घसरतो.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या स्थितिक आणि गतिक घर्षणातील फरक येथे कामी येतो. फिरणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याची पकड चांगली असते. टायर घासत सरकू लागला की ती पकड कमी होते. म्हणजे घसरण एकदा सुरू झाली, की ती थांबवण्यासाठी हाताशी असलेले बळ आधीपेक्षा कमीच असते.

टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जातो आहे, या दोहोंत वळणावर थोडा कोन पडतोच. अभियंते त्याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरची पकड हा कोन साधारण पाच ते दहा अंशांच्या दरम्यान असताना सर्वाधिक असते. त्यापुढे ती ढासळू लागते. पुढची चाके आधी घसरली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते, याला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. मागची चाके आधी घसरली तर गाडीचे बूड बाहेर फेकले जाते, हा ‘ओव्हरस्टिअर’. ड्रिफ्टिंग म्हणजे मुद्दाम घडवून आणलेला आणि टिकवून धरलेला ओव्हरस्टिअर.

‘टिकवून धरलेला’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मागची चाके घसरवणे अवघड नाही; निसरड्या रस्त्यावर ते न ठरवताही होते. अवघड आहे ते पुढचे. बूड बाहेर गेले की चालक स्टिअरिंग घसरणीच्या दिशेला, म्हणजे वळणाच्या उलट फिरवतो. त्यामुळे पुढची चाके गाडी जिकडे चालली आहे तिकडेच पाहत राहतात आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरत नाही. त्याच वेळी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असतो. तो दाबला की मागची चाके अधिक वेगाने फिरतात, घसरण वाढते, कोन मोठा होतो. थोडा उचलला की चाके पुन्हा रस्ता पकडू लागतात. गाडीचे नाक वळणाच्या आतल्या बाजूला असल्याने इंजिनाचा रेटा तिला काही प्रमाणात आतही ढकलत राहतो. म्हणजे ड्रिफ्ट करताना चालक हाताने दिशा आणि पायाने कोन सांभाळत असतो. दोन्ही दुरुस्त्या सतत आणि सेकंदाच्या काही भागात कराव्या लागतात.

घसरण सुरू करण्याच्या युक्त्या

मागची चाके सोडवण्याच्या अनेक रीती आहेत. सर्वांत सोपी हँडब्रेकची. हा ब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे वळणात शिरताना क्षणभर ओढला की ती अडकतात आणि घसरतात. अलीकडच्या अनेक गाड्यांत दांड्याऐवजी बटणावर चालणारा ब्रेक असतो. त्याचा येथे उपयोग होत नाही. ‘क्लच किक’ या पद्धतीत चालक क्लच दाबून इंजिनाचे फेरे वाढवतो आणि क्लच झटक्यात सोडतो. मागच्या चाकांना एकदम हिसका बसून त्यांची पकड सुटते. शक्तिशाली इंजिन असेल तर नुसता ॲक्सिलरेटरही पुरतो. वळणात शिरताना ब्रेक लावून वजन पुढे ढकलण्याचीही एक रीत आहे. बूड हलके झाले की ते सहज निसटते.

सर्वांत देखणी युक्ती मात्र रॅलीवाल्यांची. उजवीकडे वळायचे असेल तर गाडी आधी डावीकडे वळवायची आणि लगेच उजवीकडे झोकायची. झोपाळ्याला उलटा झोका दिल्यासारखे वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते आणि त्या हिसक्यात मागची चाके सुटतात. ही युक्ती उत्तर युरोपातील बर्फाळ, खडीच्या रस्त्यांवर वाढली, म्हणून तिला ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’ हे नाव मिळाले.

या सर्वांसाठी एक अट आहे : इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळायला हवी. चिखलात रुतलेल्या गाडीचे एकच चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म राहते, हे अनेकांनी पाहिले असेल. तो साध्या डिफरन्शियलचा गुण आहे. ड्रिफ्टच्या गाडीत हे परवडत नाही. म्हणून दोन्ही मागची चाके बरोबरीने फिरवणारे ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल बसवतात, किंवा आहे तेच जाम करून टाकतात.

भारतात १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे युग सुरू झाले. ॲम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या हळूहळू मागे पडल्या. आज मध्यमवर्गीय घरासमोर उभी असलेली हॅचबॅक बहुधा पुढच्या चाकांवर चालते. अशा गाडीची मागची चाके हँडब्रेकने घसरवता येतात, पण ती घसरण ॲक्सिलरेटरने टिकवता येत नाही. मैदानात अशी गाडी फिरवून ‘ड्रिफ्ट केला’ म्हणणारा प्रत्यक्षात केवळ घसरलेला असतो.

जपानचे घाटरस्ते

या खेळाचे मूळ जपानमध्ये आहे आणि त्याच्या आरंभी कुनिमित्सु ताकाहाशी यांचे नाव घेतले जाते. ते आधी मोटारसायकलपटू होते. १९६१मध्ये हॉकेनहाइम येथील पश्चिम जर्मन ग्रां प्रीतील अडीचशे सीसी गटाची शर्यत त्यांनी होंडावर जिंकली. जागतिक मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी. पुढच्याच वर्षी ‘आइल ऑफ मॅन’ येथील अपघातात ते गंभीर जखमी झाले. नंतर मोटारींकडे वळल्यावर सत्तरच्या दशकात ते वळणात वेगाने शिरून गाडी तिरपी घसरवत नेत. त्या काळच्या टायरांच्या मानाने त्यात काही शर्यतीचा हिशेब होता. प्रेक्षकांना मात्र तो तमाशाच आवडला.

त्यांच्या चाहत्यांपैकी एक होते केइची त्सुचिया. त्यांनी हे कौशल्य डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्यांवर घोटले. घाटमाथ्याला जपानीत ‘तोगे’ म्हणतात, आणि रात्रीच्या वेळी अशा रस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्या तरुणांचा तेथे एक पंथच होता. १९८७मध्ये त्सुचियांच्या घाटातील चालनाची ‘प्लसपी’ ही ध्वनिचित्रफीत निघाली आणि ड्रिफ्टिंगचे लोण देशभर पसरले. त्यांची टोयोटा ‘एई ८६’ ही मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, १,६०० सीसी इंजिनाची साधी गाडी होती. १९९५मध्ये ‘इनिशियल डी’ ही शुइची शिगेनो यांची चित्रकथा सुरू झाली. तिच्या नायकाकडे हीच गाडी होती आणि त्यामुळे ती अजरामर झाली.

याच वर्षी ‘ल माँ’च्या २४ तासांच्या शर्यतीत ताकाहाशी आणि त्सुचिया हे गुरुशिष्य एकाच होंडा एनएसएक्समध्ये आळीपाळीने बसले आणि त्यांनी आपल्या गटात विजय मिळवला. कोरड्या डांबरी रस्त्यावर ड्रिफ्टिंग हे शर्यत जिंकण्याचे साधन नाही, हे दोघेही पुरते जाणून होते. घसरणारा टायर वेग खातो. सुरळीत वळण घेणारी गाडीच पुढे जाते.

म्हणूनच ड्रिफ्टिंगची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्यातून घड्याळ वगळावे लागले. ‘ऑप्शन’ या मोटार मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा आणि त्सुचिया यांच्या पुढाकाराने २०००च्या सुमारास जपानमध्ये ‘डी १ ग्रां प्री’ ही व्यावसायिक मालिका उभी राहिली. अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’चा पहिला हंगाम २००४मध्ये झाला, तर २००६च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस : टोकियो ड्रिफ्ट’ या चित्रपटाने हा शब्द जगभर पोहोचवला. २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने टोकियोत आपली पहिली आंतरराष्ट्रीय ड्रिफ्टिंग स्पर्धा भरवली. या स्पर्धांत गुण मिळतात ते गाडीचा मार्ग, कोन आणि शैली यांना. अंतिम फेऱ्यांत दोन गाड्या जोडीने घसरत जातात. मागच्याने पुढच्याला अगदी चिकटून राहायचे असते.

विक्रमांची यादीही लांब आहे. २०१६मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा विमानतळाच्या धावपट्टीवर मासातो कावाबाता यांनी निसान जीटी-आर ताशी ३०४.९६ किलोमीटर वेगाने घसरवली. धावपट्टी रिकामी होती, हे वेगळे सांगायला नको.

चुकीला जागा हवी

स्पर्धेतील चालक चुकत नाहीत, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कोणत्याही स्पर्धेच्या दिवशी गाड्या गरकन फिरतात, भिंतीला घासतात, एकमेकींवर आदळतात. तरीही चालक बहुधा चालत बाहेर येतो, याचे श्रेय त्याच्या हातांपेक्षा भोवतालच्या व्यवस्थेला जाते. गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, शरीराला जखडणारे आसन आणि अनेक पट्ट्यांचा पट्टा असतो, डोक्यावर हेल्मेट, अंगावर आग न धरणारा पोशाख आणि हाताशी अग्निशामक असतो. धावपट्टीवर समोरून वाहन येत नाही. प्रेक्षक भिंतीआड असतात. रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून उभी असते. थोडक्यात, चूक होणारच हे गृहीत धरून तिच्यासाठी जागा राखलेली असते. सार्वजनिक रस्त्यावर हीच जागा नसते.

हे मोजूनही दाखवता येते. आपल्याकडे रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. सव्वाचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडी सरळ चालली, तर त्यात आरामात मावते. तीच गाडी चाळीस अंशांनी तिरपी झाली की तिला चार मीटरहून अधिक रुंदी लागते. म्हणजे चालकाकडून एकही चूक झाली नाही, तरी ती दुसऱ्या मार्गिकेत घुसलेलीच असते. घाटातील आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला याची कल्पना असण्याचे कारण नाही.

दुसरा धोका आदळण्याच्या दिशेचा. गाडीच्या पुढच्या भागात चेपत जाऊन धक्का सोसणारी सुमारे मीटरभर जागा असते. दरवाजाच्या बाजूला मात्र चालक आणि झाड यांच्यामध्ये जेमतेम वीतभर पत्रा आणि काच उरते. घसरणारी गाडी आडवीच जात असल्याने ती खांबाला किंवा कठड्याला दरवाजाने भेटते. ‘युरो एनकॅप’ची खांबावर आडवी आदळण्याची चाचणी ताशी ३२ किलोमीटर वेगाने घेतली जाते. यावरून ताशी साठ किलोमीटरला काय होत असेल याचा अंदाज यावा. वेग दुपटीच्या जवळ गेला की धक्क्याची ऊर्जा जवळजवळ चौपट होते.

तिसरा धोका बघ्यांना असतो आणि तोच सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. घसरताना पुढची चाके उलट दिशेला वळलेली असतात. अशा वेळी चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, किंवा मागचे टायर अचानक चांगल्या डांबरावर आले, तर पकड झटक्यात परत येते आणि गाडी पुढची चाके जिकडे वळली आहेत तिकडे गोळीसारखी सुटते. म्हणजे आतापर्यंत डावीकडे वळणारी गाडी क्षणार्धात उजवीकडे झेपावते. गाडी बाहेर गेलीच तर अमुक बाजूला जाईल, असा अंदाज बांधून रस्त्याकडेला मोबाइल धरून उभे राहणारे येथेच फसतात. सुरक्षित बाजू अशी नसतेच.

उंच एसयूव्हीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि जोमदार इंजिनाच्या या गाड्या मैदानात, नदीपात्रात किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गोल फिरवण्याची हौस आपल्याकडे दिसते. पण त्यांचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. आडवे घसरणारे चाक रस्त्याच्या कडेच्या दगडाला किंवा मऊ वाळूच्या उंचवट्याला अडले, की खालचा भाग थांबतो आणि वरचा पुढे जातो, गाडी उलटते. मागच्या आसनावर पट्टा न लावता बसलेले मित्र अशा वेळी बाहेर फेकले जातात. याशिवाय घासून तापलेला टायर फुटण्याचा धोका असतोच, आणि त्याच टायरवर नंतर घरी परतायचे असते.

सौदी अरेबियाचा धडा

रस्त्यावरील ड्रिफ्टिंगचे रूप सौदी अरेबियात सर्वाधिक उग्र झाले. तेथे त्याला ‘तफहीत’ किंवा ‘हजवाला’ म्हणतात. तेलाच्या पैशावर वाढलेल्या रियाधसारख्या शहरांचे रुंद, सरळ रस्ते आणि करमणुकीची वानवा यांतून हा प्रकार फोफावला. फ्रेंच अभ्यासक पास्कल मेनोरे यांनी २०१४मधील आपल्या पुस्तकात त्याचा संबंध त्या शहराच्या रचनेशी आणि तरुणांच्या कोंडीशी जोडला आहे. जपानी प्रकाराहून हा अगदी निराळा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या सेडान गाड्या प्रचंड वेगात नेऊन, त्या आडव्या करून वाहतुकीतून सरकवत न्यायच्या आणि दुतर्फा बघ्यांची गर्दी. घसरण टिकवण्याचे साधन नसल्याने येथे चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. २०१६मध्ये तेथील सरकारने पहिल्या गुन्ह्याला २० हजार रियाल दंड आणि १५ दिवस गाडीजप्ती, तर पुढच्या गुन्ह्यांना ४० आणि ६० हजार रियाल दंड अशी कडक तरतूद केली.

आपला कायदा

भारतातील मोटार वाहन कायद्यात ‘ड्रिफ्टिंग’ हा शब्द नाही. पण म्हणून ते मोकळे आहे असे नव्हे. कलम १८४ धोकादायक वाहनचालनाचे आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परवानगीविना रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतल्यास कलम १८९ लागते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ने निर्बंध आहेत आणि मालकाला शिक्षा होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे बेदरकार चालनाचे कलम २८१ आहेच. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम १०६नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पालकांनी वाचावे असे कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. विम्याचीही एक बाजू आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदातील ही ओळ सहसा कोणी वाचत नाही.

हौस भागवायचीच असेल तर कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील धावपट्टी किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट अशी मोजकी ठिकाणे देशात आहेत. तेथील प्रशिक्षण खर्चिक आहे आणि मुंबई-पुण्याहून लांब आहे, ही अडचण खरी.

न ठरवता झालेला ड्रिफ्ट

ज्यांना ड्रिफ्टिंगशी काही देणेघेणे नाही, त्यांनाही हे गणित पावसाळ्यात भेटते. पहिल्या सरींनंतर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो आणि टायरची पकड जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. तीस मीटर त्रिज्येचे घाटवळण कोरड्यात साधारण ताशी ५५ किलोमीटर वेगापर्यंत पकड सोडत नसेल, तर पकड निम्मी झाल्यावर तीच मर्यादा ताशी ४० किलोमीटरच्या आत येते. टायरच्या खाचा झिजल्या असतील तर आणखी खाली. मोटारीसाठी त्यांची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे.

अशा वेळी पुढची चाके घसरून गाडी सरळ जाऊ लागली, तर अधिक स्टिअरिंग वळवून उपयोग होत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून हलकेच काढून, स्टिअरिंग किंचित सैल करून पकड परत येऊ द्यावी. मागची चाके सुटली तर बूड जिकडे जाते आहे तिकडे स्टिअरिंग वळवावे, नजर मात्र जिकडे जायचे त्या रस्त्यावर ठेवावी आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही तितक्याच तत्परतेने परत आणावे. हा दुसरा भाग विसरल्यानेच गाडी उलट बाजूला झेपावते. ब्रेकवर एकदम उभे राहणे दोन्ही वेळी अयोग्य.

नव्या गाड्यांतील ‘ईएससी’ यंत्रणा हेच काम चालकाच्या आधी करते. स्टिअरिंग किती वळले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे यांत तफावत दिसताच ती नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते. युरोपात २०१४पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे. ड्रिफ्ट करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी हीच यंत्रणा बंद करावी लागते. अनेक गाड्यांत तिचे बटण एकदा दाबून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावे लागते. हात लागून ते चुकून बंद पडू नये, एवढ्याचसाठी.